नगरसेवकाची फी आणि महापालिकेची फाईल

महोदय,

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर महापालिकेत ८१ नगरसेवकांचे सभागृहही भरले. पदावर असताना वकिली किंवा आर्किटेक्टची प्रॅक्टिस करावी का, हा वाद त्यामुळे पुन्हा ऐकू येतो. सरकारी नोकराला सगळे बंद आणि लोकप्रतिनिधीला सगळे मोकळे, असे त्यात सरसकट धरले जाते. कायदा तसा नाही.

नोकरदारांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ आहे. पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा वा नोकरी नाही. पत्नीच्या नावावरच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाईक आणून देणे हाही नियमभंगच. सरकारी डॉक्टरांना मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता मिळतो, तो खासगी दवाखाना न चालवण्याबद्दल. भत्ता घेऊन संध्याकाळी घरच्यांच्या बोर्डाखाली पेशंट तपासणे ही जनतेच्या पैशाची फसवणूक आहे. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियम ४९ प्रमाणे तसे कळवून वकिली थांबवावी लागते.

याच नियम ४९ च्या आधारे आमदार-खासदारांची वकिली बंद करावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली. लोकप्रतिनिधी हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, हे त्यामागचे कारण. नगरसेवकाला तर पगारही नाही, मानधन आहे. शिवाय स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांच्या जागा डॉक्टर, वकील, अभियंता अशा जाणकारांसाठीच ठेवलेल्या आहेत. त्यांना व्यवसाय सोडा म्हणणे आम्हाला पटत नाही.

पण महापालिका अधिनियमाचे कलम १० नगरसेवकाला मोकळे सोडत नाही. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर पद जाते. पालिकेचा परवानाधारक आर्किटेक्ट वा अभियंता, किंवा पालिकेशी संबंधित प्रकरणात व्यावसायिक म्हणून काम घेणारा नगरसेवक, यांनाही हे कलम अपात्र ठरवते. अडचण हे उघडकीस येण्याची आहे. ठेक्याचा पैसा पालिका देते, व्यावसायिकाची फी मात्र पक्षकार देतो, म्हणून ती पालिकेच्या कागदावर दिसत नाही.

बांधकाम परवान्याचे उदाहरण घ्या. अर्जावर मालकाबरोबर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. पुढे जोते तपासणी, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, प्रत्येक टप्प्यावर त्याचाच कागद असतो. हा व्यावसायिक स्वतः नगरसेवक असेल, तर त्याची फाईल तपासणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) कमी भरते असा शेरा कोणत्या बळावर मारायचा? विषय निघाल्यावर नगरसेवकाने सभागृहाबाहेर बसावे, हा उपाय इथे लागूच पडत नाही, कारण परवाने आयुक्तांच्या अधिकारात नगररचना विभागातून निघतात. फाईल सभागृहात येतच नाही. नकाशावर भागीदाराची सही असेल, तर नगरसेवकाचे नावही दिसत नाही. वकिलाचेही तसेच. अतिक्रमणाच्या नोटिशीला उत्तर वकील-नगरसेवकाने लिहून द्यायचे आणि त्याच वॉर्डातल्या अतिक्रमण कारवाईचा आढावाही त्यानेच घ्यायचा, हे चालू देता कामा नये.

म्हणून सरसकट बंदीऐवजी पानभर लेखी घोषणापत्र सक्तीचे करावे. त्यात व्यवसाय, वकिलीची सनद किंवा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक, भागीदारांची नावे आणि पालिकेत प्रलंबित असलेल्या आपल्या व भागीदारांच्या प्रकरणांचे फाईल क्रमांक असावेत. दर तीन महिन्यांनी ते नवे करून संकेतस्थळावर टाकावे. अशा फाईलच्या पहिल्याच पानावर नोंद करून तिची तपासणी दुसऱ्या विभागीय कार्यालयाकडे द्यावी.  घोषणापत्राची सुरुवात आपल्या सभागृहाला ठराव करून लगेच करता येईल.

तोवर नागरिकांनी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज वापरावा. अर्ज बहुतेकदा फसतो तो एका चुकीने: लोक अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा उत्पन्न विचारतात आणि वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी नियम १६ खाली दिलेल्या परवानगी आदेशाची प्रत मागा. दिलाच नसेल तर तसे लेखी मागा. बांधकामाबाबत मंजूर नकाशाची प्रत मागा आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही कुणाची, नोंदणी क्रमांक कुणाचा, हे नगरसेवकांच्या नावांशी ताडून पाहा.

– काही वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर