न्योसला लाव्हा आलाच नव्हता

महोदय,

कॅमेरूनच्या ओकू ज्वालामुखी क्षेत्रातील न्योस तळ्याच्या दुर्घटनेचे खापर अनेकदा लाव्हावर फोडले जाते. हे चूक आहे, आणि त्यामुळे खरा धोका नजरेआड होतो. स्फोटाने पडलेल्या खड्ड्यातील हे तळे सुमारे २०८ मीटर खोल. खालून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात दाबाखाली विरघळून राहतो. तिथे वरचे-खालचे पाणी सहसा मिसळत नाही, म्हणून तो साठतच जातो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो उसळला, हवेपेक्षा जड असल्याने दऱ्यांतून उतरला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली. साठलेला वायू बाहेर काढण्यासाठी २००१ मध्ये तळाजवळ नळी सोडली गेली. पंप फक्त सुरुवातीलाच लागला. वर येणाऱ्या पाण्यातून बुडबुडे सुटू लागले की कारंजे आपोआप चालते. अशा खोल तळ्यांत तळाच्या पाण्यातील वायू नियमित मोजायलाच हवा.

– एक वाचक