मिरवणूक काढा, पण जवानाच्या बायकोचे कागदही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात रिटायर होऊन गावी आलेल्या जवानाच्या मिरवणुकीचा फोटो बघितला. उघडी जीप, गुलाल, हलगी, आणि शेजारी त्याची बायको फेटा बांधून उभी. लई बरं वाटलं बघून. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढून २०११ ला सुभेदार म्हणून आले तेव्हा असलं काही नव्हतं, फाट्यावर एसटीतनं उतरले, काळी ट्रंक खांद्यावर टाकली आणि चालत घरी. आता गावं मान द्यायला लागलीत याचा आनंदच आहे. पण मला त्या फोटोतल्या बाईबद्दल लिहायचंय.

आण्णांचं पोस्टिंग कुठंही असो, काश्मीर नाहीतर नागालँड, आमच्यासाठी पत्ता म्हणजे नुसता फौजी टपाल कार्यालयाचा नंबर, ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ. माणूस नक्की कुठंय ते आईला रजेवर आल्यावरच कळायचं. वर्षाची दोन महिन्यांची रजा, त्यातले दिवस झेलम एक्सप्रेसमध्ये जायचे ते वेगळेच, आणि उरलेल्या दिवसांत घराची कौलं, बांधाची भांडणं, सोसायटीचं कर्ज, भाऊबंदांतली लग्नं, सगळं उरकायचं. माझ्या दहावीच्या वर्षी, २००१ च्या डिसेंबरात, संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली, रजा बंद. त्या वर्षी आजीचं आजारपण, उसाची तोड, माझी परीक्षा सगळं आईनं एकटीनं ओढलं आणि पत्रात मात्र लिहायची, इकडं सगळं ठीक आहे, काळजी नसावी. आण्णा घरी आल्यावर सुद्धा बरेच महिने तिलाच विचारायचे, खताचं कुणाला सांगायचं, लाइट बिल कुठं भरायचं.

तर मुद्दा असा की हीच बाई फौजेच्या कागदावर भलतीच कोणतरी असते. आपल्याकडं लग्नात नाव बदलतात. नोंद करताना कुणी माहेरचं नाव सांगितलं, कुणी घरात हाक मारतात ते, जन्मतारीख अंदाजानं, आणि आधार कार्डावर तिसरंच. जवान हयात आहे तोवर कुणाचं लक्ष जात नाही कारण पेन्शन त्याच्या नावानं येत राहते. तो गेला की फॅमिली पेन्शनसाठी (शेवटच्या पगाराच्या साधारण ३० टक्के) त्या माउलीला आधी हे सिद्ध करावं लागतं की मीच त्याची बायको. आण्णांच्याच युनिटमधल्या एका जवानाच्या मागं वहिनींचं हेच झालं. एका खिडकीवरनं दुसऱ्या खिडकीवर, दर वेळी एक कागद कमी, नवऱ्याचं दिवसकार्य उरकलेलं आणि ही बाई झेरॉक्सच्या दुकानात उभी.

तेव्हापासून आण्णांनी हे कामच अंगावर घेतलंय. सकाळी देवळाच्या पारावर चष्मा लावून बसतात, माजी सैनिकाची फाइल मागून घेतात आणि पीपीओवरचं (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचं) बायकोचं नाव आधार कार्डाशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघतात. आमच्या आईच्या जन्मतारखेतसुद्धा फरक निघाला, तो त्यांनी आधी दुरुस्त करून घेतला. नावात फरक निघाला तर प्रतिज्ञापत्र, पेपरात नाव बदलाची जाहिरात, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) अर्ज, आणि करेक्शनचा पीपीओ हातात येईपर्यंत पाठपुरावा. वेळ लागतो, पण नवरा सही करायला जिवंत असताना हे काम कितीतरी सोपं आहे. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंदही आत्ताच करून ठेवा असं ते प्रत्येकाला बजावतात, नियमात बसलं तर त्या मुलाला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं.

आपला जिल्हा फौजींचा. एकट्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान दिले, ते आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्या ४६ घरांतल्या बायकांनी पुढचं आयुष्य कसं काढलं असेल हे कोण विचारतं? जवान शहीद झाला की पहिलं पान असतं, रिटायर झाला की फोटो असतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तो आणि त्याचं घर कुठल्याच बातमीत नसतं.

म्हणून विनंती आहे, नोव्हेंबरात बरेच माजी सैनिक हयातीचा दाखला द्यायला बाहेर पडतात, त्याच महिन्यात तुम्ही अर्धं पान या विषयाला द्या. कुठले कागद जुळले पाहिजेत, दुरुस्ती कुठं होते, बँकेत जॉइंट खातं का पाहिजे, सगळं साध्या भाषेत. आणि मिरवणुका काढणाऱ्या मंडळांनाही सांगणं आहे, सत्काराच्या आठवड्यातच त्या जोडप्याला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. लेखाची माहिती तपासायची असेल तर आण्णा फाइल घेऊन तुमच्या ऑफिसला यायला तयार आहेत, सकाळी दहाच्या आत कळवलं तर त्याच दिवशी येतील.

आपली नियमित वाचक,
एका सुभेदाराची मुलगी, ता. जि. सातारा