संच जरा फिरवा: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून लिहितोय. आमच्या ओटीवर खुंटीला चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर टांगलेला आहे. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते. तो त्यांच्याबरोबर होडीवर जायचा आणि म्हावऱ्याच्या वासासकट परत यायचा. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवायचे, हे तंत्र आपल्या खात्यात कुणाला ठाऊक असेल, तर त्यांनाच हे पत्र आधी दाखवा.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झालं. त्याआधी आम्ही मुंबई केंद्रावर असायचो. काका गिरणीत, म्हणून घरी कामगारांचा कार्यक्रम, ‘कामगारसभा’ लागायची. आजी म्हणायची, आता तोपण हेच ऐकत असंल. रत्नागिरी लागायला लागलं तशी रेडिओत आमच्यासारखं बोलणारी माणसं आली. जाखडी आली, नमन आलं, मोहोरावरच्या तुडतुड्यांवर काय फवारायचं तेही आलं. ‘आपली आवड’मध्ये शेजाऱ्यांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी वाडीत पेढे वाटले होते.

आता मुद्द्याचं. गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशभरातले अनेक मिडियम वेव्ह ट्रान्समीटर, म्हणजे आमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर लागणारे, बंद केले. एफएमचा आवाज स्वच्छ, मोबाइलवर ॲप आहे, विजेचा खर्च वाचतो. सगळं मान्य. पण एफएमची लहर सरळ जाते आणि कोकणात सरळ असं काहीच नाही. एक डोंगर आडवा आला की पलीकडच्या खाडीत आवाज गायब. मिडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर जमिनीपेक्षा लांब पोचते. म्हणजे होडी असते नेमकी तिथे. रात्री लांबची केंद्रं मध्ये घुसतात, खडखड होते; मग संच जरा फिरवायचा, आपलं केंद्र सापडतं.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं, तेव्हा ऐन हंगाम होता, होड्या पाण्यात होत्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात होड्या किनाऱ्यावर होत्या, पण वीज गेली, मोबाइल मुका झाला, आंबा-पोफळी आडव्या पडल्या. त्या अंधारात आमच्या वाडीत बाहेरचं जग फक्त त्या खुंटीवरून येत होतं. दोन सेलांवर. संध्याकाळी बातम्यांना ओटी भरायची. एरवी माझ्याशी बोलत नाहीत तेही यायचे.

म्हणून मागणं एवढंच. कोकणातल्या मिडियम वेव्हबद्दल काहीही ठरवण्याआधी आपला एक अभियंता एक एफएमचा आणि एक मिडियम वेव्हचा असे दोन संच घेऊन हर्णै बंदरात पाठवा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. होडी आमची, डिझेल आमचं. किनारा दिसेनासा झाला की त्यांनी दोन्ही संच लावावेत आणि कशावर काय लागतं ते आपल्याला लिहून कळवावं.

आपला,
ओटीवरचा एक श्रोता