मुक्ता, नंदामावशीची टोपी घरी ठेव

मुलुंड (पूर्व), मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रॉथरॉकच्या सरकारी जंगलातल्या तुमच्या ट्रेकला शिकारीच्या हंगामात जपून जा, असं काल फोनवर म्हणालो तर तू तडकलीस. "बाबा, इथे रविवारी शिकार बंद असते, माझी रूममेट इथलीच आहे, तिला माहीत आहे," म्हणालीस आणि विषय संपवलास. मी लगेच परत लावणार होतो, पण आई म्हणाली, आता नको, तिला काम आहे. म्हणून लिहायला बसलो. लिहिलेलं तू निदान शेवटपर्यंत वाचतेस.

आधी महत्त्वाचं सांगतो. रविवारची बंदी आता राहिलेली नाही. पेनसिल्व्हेनियात पूर्वीपासून रविवारी शिकार नव्हती हे खरं आहे, आणि तुझी रूममेट त्यातच वाढली, त्यामुळे तिचा काही दोष नाही. पण २०१९ मध्ये कायदा थोडा सैल करून तीन रविवार मोकळे केले आणि यंदाच्या उन्हाळ्यात बंदीच काढून टाकली. बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे यंदा २९ नोव्हेंबरला, आणि १३ डिसेंबरपर्यंत चालतो. त्यात ३० तारखेचा रविवार धरलेला आहे. तुम्ही निघणार तो हाच रविवार. हंगामाचा दुसरा दिवस, त्यात सुट्टी. वर्षभर वाट बघितलेली माणसं त्या दिवशी रानातच असणार.

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणायचं असतं तर लहानपणी तुला डोंगरात नेलंच नसतं. फक्त भडक नारिंगी रंग अंगावर असू दे. छातीवर, पाठीवर आणि डोक्यावर. तिथल्या शिकाऱ्यांनाच या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी घालावं लागतं, चहूबाजूंनी दिसेल असं. म्हणजे जवळजवळ वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं. राज्याची जी खास शिकारीची राखीव रानं आहेत तिथे १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर नुसतं फिरायला जाणाऱ्यालाही नारिंगी घालायचा नियम आहे. तुमचं रॉथरॉक त्यात मोडत नाही, तिथे सक्ती नाही, असं तू सांगितलंस. सक्ती नसेल, पण शिकार तर तिथेही चालते ना? गोळी काही नकाशा बघून थांबत नाही. मोठ्या रायफलीची गोळी मैलाच्याही पुढे जाते.

आता टोपीचं. नंदामावशीने विणलेली पांढरी टोपी तू थंडीत सारखी घालतेस, मागच्या सगळ्या फोटोंत तीच आहे. ती त्या दिवशी घरी ठेव. तिकडच्या हरणाचं नावच पांढऱ्या शेपटीवरून पडलंय. घाबरलं की ते शेपूट वर करतं आणि झाडीत पांढरं काहीतरी हललेलं दिसतं. शिकाऱ्याची नजर त्याच पांढऱ्यावर असते. वर तुझं जॅकेट तपकिरी. तपकिरी अंग आणि वर हलणारं पांढरं! काल हेच सांगत होतो तेव्हा तू हसलीस. मावशीला यातलं काही सांगायची गरज नाही, तिला वाईट वाटेल. फक्त त्या दिवशी घालू नकोस. पांढरे हातमोजेही नकोत, पांढरा रुमाल बाहेर काढायचा नाही.

मी एवढं का बोलतोय ते तुला कळावं म्हणून सांगतो. माझी रेल्वेतली अर्धी नोकरी घाटात गेली. ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. पावसाळ्यात तिथे असं धुकं उतरतं की पुढच्या खांबापलीकडचं दिसत नाही. खाकी कपड्यांतला माणूस रुळाशेजारी उभा असला तर कातळ कुठला आणि माणूस कुठला ते कळत नाही. नारिंगी जाकीट घातलेला मात्र आधी दिसतो. नुसता एक ठिपका, मग हात, मग माणूस. नव्या गँगमनला मी सामानाआधी जाकीट द्यायचो. घामाने अंगाला चिकटतं म्हणून पोरं ते काढून फावड्याच्या दांड्याला अडकवून ठेवायची. तेव्हा मी ओरडायचो, आणि माझं ओरडणं त्यांना आवडायचं नाही हेही मला माहीत होतं. आमचे सदू मुकादम त्यांना शांतपणे म्हणायचे, "अरे, गाडीवाला तुझा दुश्मन नाय, पण त्याला तू दिसायला तर पायजे."

शिकाऱ्याचं तेच आहे. तो वाईट माणूस नसतो. पहाटेपासून थंडीत एका जागी बसलेला असतो, मनात सावज असतं, आणि मनात जे असतं तेच डोळ्याला दिसायला लागतं. गावाला भाऊकाकांकडे ठासणीची बंदूक होती ते तू ऐकलंयस. डुकराच्या शिकारीला माणसं जमायची. एका बाजूने हाकारे रान उठवत यायचे आणि बंदूकवाले जनावराच्या वाटेवर बसायचे. काका सांगायचे, करवंदीची जाळी हलली की छातीत धडधडतं आणि बोट आपोआप चापावर जातं. ज्याला तेवढ्यात थांबता येतं तोच खरा शिकारी. त्यांना थांबता यायचं. पण सगळ्यांना येतं असं नाही. याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या पालघरकडे बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच गावचा माणूस डुक्कर समजून मारला. एकमेकांना ओळखणारी माणसं होती ती. तुला तर तिथे कोणी ओळखतही नाही.

हे लिहायला नको होतं, तू उगाच धास्तावशील. पण लिहिलंय ते खोडत नाही.

तुला डोंगर शिकवताना मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. घसाऱ्यावर टाच रोवून उतर, अत्तर लावून येऊ नकोस, आग्या मोहोळ उठेल, ओढ्याचं पाणी गढूळ झालं की ओलांडायचं नाही. बंदुकीबद्दल काही सांगितलं नाही, कारण आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद. चोरून करणारे करतात, पण शनिवारी रात्री शेवटची कर्जत लोकल पकडणाऱ्या ट्रेकरच्या मनात गोळीचा विचार येत नाही. त्यामुळे ही भीती आपल्या अंगवळणी नाही. तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही.

राजमाची आठवते का तुला? काजवे बघायला गेलो होतो, कोंदिवड्याच्या बाजूने चढलो होतो. तू वाटभर बडबडत होतीस आणि एका वळणानंतर एकदम गप्प झालीस. मी टॉर्च मारून बघतो तर तू एका झाडाखाली मान वर करून उभी. सगळं झाड एका वेळी पेटत होतं आणि विझत होतं. "बाबा, टॉर्च बंद करा ना, त्यांना त्रास होतो," म्हणालीस. एवढीशी होतीस. मग उधेवाडीत त्या मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्लीस, आणि घरी ज्या मुलीला वाटीभर आमटी संपत नव्हती तिने तिथे दुसरी भाकरी मागितली. आई अजून मानत नाही ते. आता तू झाडांवरच संशोधन करतेस. मी ऑफिसातल्या जुन्या मंडळींना सांगतो तेव्हा त्यांना नीट कळत नाही, तरी मी सांगतोच. मागच्या वेळी तू म्हणालीस की हरणं फार झाली की ओकची रोपं वरच येऊ देत नाहीत, सगळी खुडून खातात, म्हणून तिथे शिकारीलाही कारण आहे. ते मला पटलं. मी वाचनालयात कुलकर्णींना समजावूनही सांगितलं. तेव्हा शिकाऱ्यांशी वाद घालायला जाऊ नकोस, ते परवाना काढून आलेले असतात. त्यांचं काम त्यांना करू दे. तू फक्त दिसत राहा.

हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून तर शिकारी बिनधास्त तो घालतात. मग तुला घालायला काय हरकत आहे? फोटो चांगले येत नाहीत हे कारण मी ऐकणार नाही.

आणि वेळ सांभाळा. तिथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते, आणि हरणं नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात. नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी ऊन वर आल्यावर निघा आणि तीन-साडेतीनला गाडीशी परत या. सूर्योदय बघायचा नाही म्हणजे नाही, तो दुसऱ्या कुठल्याही महिन्यात बघता येतो. खुणा केलेली पायवाट सोडून झाडीत शिरू नका, जवळची वाट म्हणून तर नाहीच. कानात ते इअरफोन नकोत. बोलत चला, तुला ते जड नाही. सॅकच्या छातीवरच्या बकलला बारीक शिट्टी असते, ती एकदा घरी वाजवून बघ. जवळ बार झाला तर पळायचं नाही, झुडपात दडायचं तर मुळीच नाही. उभं राहून मोठ्याने ओरडायचं, इथे माणसं आहेत म्हणून. शिकारी दिसला तर हात हलवू नका, आवाज द्या. रूममेटचा कुत्रा नेणार असाल तर त्यालाही नारिंगी जाकीट मिळतं, आणि पट्टा सोडू नका. तो रंगाने तपकिरीच आहे ना?

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. राग मानू नकोस. तू चार वर्षं परक्या देशात एकटीने घर चालवतेस, बर्फात गाडी चालवतेस, तुला मी काय शिकवणार. परवा तुझ्या क्लबच्या पत्रकावर ट्रेक लीडर म्हणून तुझं नाव वाचलं तर आईने ते फोनवर मोठं करून शेजारी दाखवलं. लीडर आहेस म्हणूनच सांगतो. तू नारिंगी घातलंस तर मागची पाच पोरं घालतील. तू नाही घातलंस तर कोणीच घालणार नाही. घाटात मी हेच बघितलं, मुकादम जाकीट काढून बसला की सगळी गँग काढते.

उत्तरात नुसतं "ओके बाबा" नको. गाडी कुठे लावणार, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार आणि तिथे जवळ कोणाला हे सांगून ठेवलंयस, एवढं लिही. रेंज नसते हे मला माहीत आहे, म्हणूनच आधी लिही. परत आल्यावर मेसेज कर. इथे मध्यरात्र उलटून गेलेली असेल, तरी कर.

तुझा,
बाबा

ता. क. : आई म्हणते, नारिंगी टोपी घेशील तेव्हा रूममेटलाही एक घे, पैसे आम्ही पाठवतो. ती तिथलीच असली तरी.