खंडूच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी चारच्या सुमारास इथे कराडला वळीव झाला. वारं सुटलं, लाईट गेली, इन्व्हर्टर टूं-टूं करू लागला आणि गडगडाटाला घाबरणारा आमचा कुत्रा खंडू आपल्या पायांनी अडगळीच्या खोलीत जाऊन गोधडीवर बसला. थरथरत होता. पण मी पुढे केलेला कलेजीचा तुकडा त्याने खाल्ला. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला चार ओळी लिहायच्या, आणि सगळ्यांना वाचता येतील अशा लिहायच्या.

गेल्या मे महिन्यात त्याला तुमच्याकडे आणलं, तेव्हा त्याच्या पुढच्या पायांची दोन नखं उखडली होती. आम्ही लग्नाला गेलो होतो, मागे पाऊस आला, आणि बाहेर पडण्यासाठी त्याने दार खरवडलं. फळीवरचे ते ओरखडे अजून आहेत. त्याआधी मला जो तो सांगायचा, "घाबरला की जवळ घेऊ नका, सवय लागते." दोन वर्षं मी तसाच वागलो. तो मांडीत डोकं खुपसायला यायचा आणि मी उठून जायचो. तुम्ही पट्टी बांधता बांधता म्हणालात, "भीती म्हणजे खोड नव्हे. कुरवाळल्याने ती वाढत नाही. घ्या की जवळ." मॅडम, त्या दिवशी घरी येऊन मी त्याच्या शेजारी जमिनीवर झोपलो.

आधी कुणीतरी दिलेल्या गोळीने तो लोळागोळा होऊन पडायचा, डोळे मात्र टक्क उघडे. अंग सुन्न होतं, भीती आत तशीच राहते, हे तुम्ही समजावलंत. ती बंद करून वजनाप्रमाणे दुसरी दिलीत, आभाळ भरून येताच द्यायची, गडगडाटाची वाट न बघता.

मग विचारलंत, "गडगडाटाआधी घरात काय काय होतं?" हे मला कुणीच विचारलं नव्हतं. लाईट जाते, इन्व्हर्टर वाजतो. खंडू निरभ्र दिवशीही त्या आवाजाला खाटेखाली जायचा, आणि मला वाटायचं, उगाच करतोय. तुमच्या सांगण्यावरून रोज एकदा मेन स्विच बंद करायचो, इन्व्हर्टर वाजला की लगेच कलेजी. आधी आवाज, मग खाऊ. उलट केलं तर खाऊ दिसला तरी तो धास्तावेल, हे तुम्ही बजावलं होतंत.

दिवाळीनंतर आभाळ मोकळं झाल्यावर मोबाईलवर गडगडाट लावायला सुरुवात केली. इतका हळू, की मला ऐकूच यायचा नाही, फक्त त्याचा डावा कान वळायचा. जानेवारीत मी घाई केली, आवाज एकदम वाढवला. दोन दिवस तो त्या खोलीत फिरकला नाही. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "हरकत नाही, पहिल्यापासून." आणि दर आठवड्याला स्वतःहून चौकशी केलीत, फी न घेता.

परवा मीही मोजत होतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३ सेकंद म्हणजे वीज साधारण १ किलोमीटरवर. एक गडगडाट ६ सेकंदांनी आला, तेव्हाही तो खात होता. पुढचा डोक्यावरच झाला, तेव्हा खाणं थांबलं आणि त्याने डोकं माझ्या मांडीत खुपसलं. मी हलवलं नाही.

त्याचं वजन १४ वरून साडेपंधरा किलो झालंय. हस्ताचा पाऊस लागायच्या आत घेऊन येतो, गोळी तेवढीच ठेवायची का ते बघा.

तुमचा ऋणी,
खंडूच्या घरचा