बाबा, तिथे विणकराची खूण असते

माद्रिद

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी माझा फोन आला नाही म्हणून आई काळजी करत बसली असेल. मी 'देस्काल्सास रेआलेस' नावाच्या मठात गेले होते. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे मोबाइलवर पाठवायला काही नाही. आणि बाबांना तर हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून पत्र.

मठ अगदी भर बाजारात आहे. पुएर्ता देल सोल म्हणजे इथला मुख्य चौक, तिथून चालत पाच मिनिटं. बाहेरून साधी विटांची भिंत. देस्काल्सास म्हणजे अनवाणी. आई, तू वणीला अनवाणी जायचीस ना, तसं व्रत घेतलेल्या नन इथे १५५९ पासून राहतात. आजही आहेत, पण बाहेरच्यांना दिसत नाहीत. आत त्यांची भाजीची बागही आहे.

मठ काढला राजकन्या हुआनाने. दुसऱ्या फेलिपे राजाची ही बहीण. मठ होण्याआधी इथे वाडा होता, तिचा जन्म त्याच वाड्यातला, १५३५ चा. पोर्तुगालच्या युवराजाला दिली होती. ती एकोणीस वर्षांची व्हायच्या आतच नवरा गेला, त्यानंतर अठरा दिवसांनी मुलगा झाला, आणि काही महिन्यांत स्पेनचा कारभार बघायला तिला परत बोलावलं. बाळ तिकडेच राहिलं. पुढे पोर्तुगालचा, म्हणजे आपल्या गोव्याचाही, राजा झालेला सेबास्तियांव तो हाच. आईला तो पुन्हा कधी भेटला नाही. त्याची चित्रं तेवढी तिच्याकडे येत राहिली. ती अडतिसाव्या वर्षी गेली. तिच्या समाधीवर गुडघे टेकलेली तिची संगमरवरी मूर्ती आहे.

मोठ्या घरच्या मुली इथे नन व्हायला यायच्या, त्या येताना सोबत चित्रं, मूर्ती, दागिने घेऊन. त्यातून हा संग्रह साठत गेला. जिन्याच्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगवलेल्या आहेत. वरच्या सज्जात चौथा फेलिपे राजा कुटुंबासह उभा आहे, तोही रंगवलेलाच, पण खालून बघताना क्षणभर खरा वाटतो.

आता बाबा, तुमच्यासाठीची गोष्ट. पूर्वी नन जिथे झोपायच्या त्या लांब दालनात (कोणाची खोली कुठे होती त्याच्या खुणा फरशीत अजून आहेत) भिंतींवर टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेली मोठी चित्रं, टांगल्या आहेत. लोकर आणि रेशीम, पाचेक मीटर उंच. रुबेन्स या चित्रकाराने नमुने केले आणि ब्रुसेल्सच्या मागांवर त्या विणल्या, १६२५ नंतरच्या काही वर्षांत. मी जितकं जवळ जाऊ देतात तितकं जाऊन उभी राहिले. गालावरचा उजेड पांढऱ्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून तांबूस रंगात जातो, आणि प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याच्या जागेपुरताच जाऊन मागे फिरलेला. अहो, हे तर आपल्या पैठणीच्या पदराचंच काम! प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, तुम्ही मोराच्या मानेला करता तसंच.

फरक एवढाच, की पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिथे विणकर उलट्या बाजूने विणायचा. ताण्याखाली, म्हणजे उभ्या धाग्यांखाली, ठेवलेला नमुना बघत काम, आणि सुलट बाजू काम उतरल्यावरच पुरती दिसायची. म्हणून रुबेन्सने चित्रंच उलटी काढली, डाव्या-उजव्याची अदलाबदल करून. आणि धाडस बघा: चित्रात पिळाच्या खांबांमध्ये छोटे देवदूत एक विणलेला पडदा टांगताहेत, आणि खरा प्रसंग त्या पडद्यावर आहे. कापडात विणलेलं कापड, चुण्यांसकट. तिथे तुम्ही हवे होतात. मला रडू आलं.

ब्रुसेल्समध्ये १५२८ पासून नियमच होता: मोठ्या टॅपेस्ट्रीच्या काठात शहराची खूण, म्हणजे दोन बाजूंना 'बी' ही अक्षरं आणि मध्ये लाल ढाल, आणि विणकराची स्वतःची खूण विणायचीच. म्हणून या टॅपेस्ट्री विणवणाऱ्या यान राएस, याकोब गेउबेल्स यांची नावं चारशे वर्षांनंतरही सांगता येतात.

तुम्ही चाळीस वर्षं मागावर बसलात. किती पदर उतरले, किती लग्नांत मिरवले गेले, आणि प्रत्येकावर चिठ्ठी दुकानाची. एका व्यापाऱ्याने तर 'विणकराचं नाव गिऱ्हाइकाला कशाला' म्हणून तुम्हाला गप्प केलं होतं. मी तेव्हा आठवीत होते, कांड्या भरत शेजारीच बसले होते. ते अजून टोचतं मला.

सध्या मागावर असलेली जांभळी साडी व्यापाऱ्याला देऊ नका. ती मी घेतेय, पैसे याच महिन्यात पाठवते. पदराच्या कोपऱ्यात, मोराच्या खाली, तुमचं नाव विणा. डोळ्यांना त्रास होत असेल तर एक अक्षर चालेल. आई, रंग तू निवड. आणि मोतीबिंदूची तपासणी आधी, साडी नंतर.

तुमची,
ताई