आईच्या पायात जोर होता

बेलापूर,
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दोन रविवार फोन केला नाही म्हणून आई रुसली आहे, असं दादाकडून कळलं. आधी कबुली देते. "जिप्सी गॅरेजला टाकलीय" असं मी जे सांगत होते ते खोटं होतं. जिप्सी आपल्या चौकातच होती, चार लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), आणि मी तिच्या खाली होते. बाबा, ओरडू नका. चाकांना दगड लावले होते आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी हातसुद्धा घातला नाही.

झालं असं की पारसिक हिलच्या चढावर गाडीने दगा दिला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागोमाग जळक्या क्लचचा तो वास. तुम्हाला तो वर्णन करून सांगायला नको. कशीबशी उतारावरून खाली आणली, सपाटीला हँडब्रेक ओढला, चौथा टाकला आणि क्लच सोडला. इंजिन गचकन बंद पडायला हवं होतं. ते मजेत चालूच राहिलं. क्लचच्या केबलला ढील देऊन पाहिली, काही फरक नाही. म्हणजे क्लच प्लेट संपली.

एका गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याने भाव सांगायच्या आधी उसासा टाकला. "मॅडम, ह्या गाडीचं सामान आता मिळत नाही, भंगारात द्या." 2019 पासून जिप्सी शोरूममध्ये नाही हे खरं, पण त्याआधी तीसेक वर्षं ती विकली गेलीय, सामान कुठे जाणार? कुर्ल्याला दुसऱ्याच दुकानात पूर्ण सेट मिळाला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. तेव्हाच ठरवलं, घरीच करायचं. आमच्या वसाहतीची, आर्टिस्ट व्हिलेजची, घरं बांधताना सात-सात घरांना मिळून एक चौक ठेवला, तो माझ्यासाठीच ठेवला असं मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते हसले, पण समोरच्या मावशींनी पापड वाळत घालायची जागा बदलली.

जिप्सीचा एक मोठा गुण या निमित्ताने कळला. फोर व्हीलचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. तो काढला की गिअरबॉक्स एकटा मोकळा होतो. बॅटरीची निगेटिव्ह, स्टार्टर, केबल, वरून गिअरचा दांडा, खालून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला तोलणारी आडवी पट्टी), हे सगळं दुपारपर्यंत निघालं. मग इंजिनला खालून फळी देऊन आधार दिला आणि बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट सोडायला घेतले. सगळ्यात वरचा एक बोल्ट होता, त्याचं नाव काढू नका. हात जात नाही, नजर पोचत नाही, पाना बसला तर फिरायला जागा नाही. त्या एकाने दीड तास खाल्ला. शेवटी दोन एक्स्टेन्शन जोडून मागून लांबून पाना घातला तेव्हा सुटला. गिअरबॉक्स जॅकवर उतरवताना तुमचे जावई "सावकाश, सावकाश" एवढंच म्हणत होते. पण कंबर त्यांचीच धरली, हेही लिहिते.

आई, आत काय असतं ते तुला एका वाक्यात सांगते. दोन पोळपाट आणि त्यांच्यामध्ये दाबून धरलेली एक भाकरी. इंजिनकडचा पोळपाट फिरला की भाकरी फिरते आणि तिच्यामुळे चाकं. पेडल दाबलं की दाब सुटतो. आपल्या भाकरीचा वरचा थर इतका झिजला होता की रिव्हेटची डोकी उघडी पडून लोखंडावर घासत होती. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनकडच्या पोळपाटावर, निळे डाग पडले होते. ती तुर्भ्याला नेऊन लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, आणली. आतली काळी भुकटी मी फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

बाबा, पेडलचं रबर काढून पाहिलं. डावी बाजू गुळगुळीत, उजवीकडची नक्षी अजून शाबूत. कारण तुमचा पाय गाडी चालवताना क्लचवरच विसावलेला असतो. माझाही. तुमच्याकडून उचललेली ही एक सवय प्लेटला भोवली, तेव्हा निम्मा दोष माझा.

पण मला खरं लिहायचंय ते केबलचं.

ती बाहेर ओढली तेव्हा अर्ध्यात अडकली. सायलेन्सरच्या पाइपाजवळ कोणीतरी ती तारेने आवळून बांधली होती. तिथे वरचं वेष्टण वितळून आतल्या तारांना चिकटलं होतं. तारांपैकी निम्म्या तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. मी नुसत्या हाताने ओढून पाहिली तर दोन्ही पाय घोडीला टेकवून ओढावी लागली. रिलीज शाफ्टचे बुशही कोरडे ठणठणीत.

मग डॅशबोर्डच्या कप्प्यातली तुमची डायरी काढली. तुमची शिस्त कामी आली. मार्च 2006, सायलेन्सर पाइप बदलला. त्याच्या खालीच, मे 2006: "क्लच जड. सौ.ला सवय नाही."

आई, तो मे महिना तुला आठवतच असेल. आजोळी निघालो होतो, पनवेलपर्यंत तू चालवणार म्हणून मी मागे उड्या मारत होते. कळंबोली सर्कलला चारी बाजूंनी ट्रक, तू पेडल दाबून धरलं होतंस आणि तुझा पाय थरथरत होता. पाय सुटला, गाडी उडी मारून बंद पडली, मागून हॉर्न. बाबा म्हणाले, "तुझ्या पायात जोर नाही, उतर." तू उतरलीस आणि पुढे जिप्सीची किल्ली कधी हातात घेतली नाहीस. लायसन्स मात्र दर वेळी नूतनीकरण करून घेत राहिलीस. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

ती केबल तेव्हापासून तशीच बांधलेली आहे, दुसरी कधी घातल्याची डायरीत नोंद नाही. बाबा, तुम्ही इतकी वर्षं तीच केबल दाबत होतात. तुमच्या डाव्या गुडघ्याला डॉक्टर वयाचं कारण देतात, मला थोडा वेगळा संशय आहे. आणि हेही मान्य करते, की प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटचं पेडलही जड होत जातं, त्यामुळे सगळा दोष त्या केबलचा नाही. पण जोर आईच्या पायाचा कमी नव्हता.

जोडणीच्या वेळी प्लेट मधोमध बसवायला खुंटी लागते. ती नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही आणि पुन्हा सगळं उतरवा. माझ्याकडे नव्हती. आई, तुझं तडा गेलेलं लाटणं मी फेकलं नव्हतं. त्याचं टोक पॉलिश पेपरने घासून पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनकडच्या मधल्या भोकातल्या बेअरिंगमध्ये) बसेल इतकं बारीक केलं, मागच्या भागाला चिकटपट्टीचे वेढे दिले, प्लेटच्या दातांत घट्ट बसेपर्यंत. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले आणि मग लाटणं ओढून घेतलं. गिअरबॉक्स दुसऱ्याच हिसक्यात बसला. नवी केबल पाइपापासून लांब नेली, पेडलला साधारण इंचभर ढील ठेवली.

आज सकाळी तोच चढ चढून आले. पेडल इतकं हलकं आहे की पहिल्या दोन सिग्नलना मी ते जास्तच दाबलं.

गणपतीला आम्ही देवरुखला जिप्सीनेच येतोय. बाजारातून मूर्ती आणायची असेल तेव्हा किल्ली मी आईच्या हातात देणार आहे. बाबा, तुम्ही मागच्या आडव्या बाकावर बसा. डायरी घेऊन बसलात तरी चालेल.

तुमची,
ताई

ता. क. आई, चौकातल्या फरश्यांवर गिअर ऑइलचा डाग पडलाय, तो धुण्याच्या सोड्याने निघत नाही. तुझ्याकडे काही उपाय असेल तर फोनवर सांग. आणि नवं लाटणं मी येताना आणते.